न मोडलेला पाटा

यंदा मूग लवकर काळा पडला. पोळा अजून आठ दिवसांवर आहे आणि वरच्या अंगाच्या शेतात शेंगा वाळून तडकायला लागल्या आहेत. दुपारचं ऊन वर आलं की बांधावर बसून ते ऐकू येतं. तट्... तट्... एकेक शेंग उलते, स्वतःभोवती पीळ घेते आणि दाणे मातीत सांडून मोकळी होते. ज्यानं मूग पेरलाय त्याला हा आवाज ऐकवत नाही. हातातलं काम टाकून तो तोडणीला बाया बघायला पळतो. माझं आता पळायचं वय राहिलं नाही. मी नुसता ऐकतो.

परवा असाच बसलो होतो, तर सतीश, माझा मुलगा, मोबाइल घेऊन शेजारी येऊन टेकला. मागच्या उन्हाळ्यात त्यानं एक जुनी जीप घेतली. चिखलातून, ओढ्यातून, नांगरटीतून गाडी घालायची त्याला भारी हौस. त्या जीपचा मागचा भाग खाली बसलाय. त्यानं मोबाइलवर मला गाडीखालचे पाटे, म्हणजे स्प्रिंगांच्या लोखंडी पट्ट्या, दाखवले, धक्के आवरणारे शॉकप दाखवले. पाटे एक इंच उंच, दोन इंच उंच, कडक, मध्यम, नरम. शॉकप तेलाचे वेगळे, गॅसचे वेगळे. चित्रं सरकवता सरकवता तो म्हणाला, "आबा, तुमी तर जीप वापरलीय. सांगा ना, मागं कडक टाकू का नरम?"

"तुझं तू बघ," असं म्हणून मी उठलो आणि विहिरीकडे चालू लागलो. मागं तो बावचळून बसला असेल. एवढ्याशा प्रश्नाचा म्हाताऱ्याला राग का यावा? राग नव्हताच तो. लाज होती. पण ती इतकी वर्षं अंगावर वागवलीय, की आता ती माझ्या तोंडावर रागासारखीच दिसते.

मीही एकदा मागचे पाटे निवडायला गेलो होतो. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. लिलावातून घेतलेली मिलिटरीची जुनी जीप आमच्या दारात उभी होती. गंगाखेड आणि राणीसावरगावच्या मधल्या पट्ट्यातलं आमचं गाव, गावात दुसरी चारचाकी नव्हती, आणि मी जिकडं जाईन तिकडं लोक गाडीआधी माझ्याकडे बघत. वय तसं होतं. मला ते आवडायचं.

जीपचा सगळा जीव दादारावच्या हातात होता. दादाराव माझ्या वर्गातला. सातवीपर्यंत आम्ही एकाच शाळेत होतो. मग मी पुढं शिकायला परभणीला गेलो आणि तो परभणीलाच खाजा मिस्त्रींच्या गॅरेजात कामाला लागला. लग्न झालं, आई थकली, तेव्हा तो गावात परत आला. बौद्धवाड्यात त्याचं दोन खणांचं घर होतं. कुणाचं इंजिन बंद पडलं, कुणाचा पंप पाणी ओढीना, की दादारावला बोलावणं जायचं. एकटे असलो की तो मला माधव म्हणायचा. चार माणसांत माधवराव. आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, समोर असले तर नावही घ्यायचा नाही, नुसतं "तुमी". हे त्यानं कधी ठरवलं मला ठाऊक नाही. आमच्यात त्यावर बोलणं झालं नाही. मी त्याला तिन्ही ठिकाणी दाद्याच म्हणत होतो.

त्या ज्येष्ठात जीप मागून पार बसली. चार माणसं बसली की चाक वर घासायचं. मग मी आणि दादाराव परभणीला गेलो. खाजा मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड, पत्र्याचं शेड आणि गाडीखाली उभं राहता यावं म्हणून जमिनीत खोदलेला खड्डा. मिस्त्रींनी झाडाखाली पाट्यांच्या दोन जोड्या मांडल्या. एक जोडी पातळ पात्यांची, चांगली कमान असलेली, मूळ जीपला असते तशी. दुसरी कुठल्यातरी ट्रेलरची काढलेली, जाड, काळी, जवळजवळ सरळ.

मिस्त्री पान चघळत म्हणाले, "मालक, पहले ये बोलो, पीछे क्या बैठनेवाला है? माल की मानूस?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"दोनों के लिए एक पाटा नक्को सोचो," ते हसले. "छे बोरियां उठानेवाला पाटा चार मानसां को पहचानताच नहीं."

दादाराव उकिडवा बसून पातळ पात्यांवरून हात फिरवत होता. त्यानं मला समजावून सांगितलं. त्याचं ते बोलणं मला अजून शब्दाशब्दानं आठवतं, कारण पुढं मी ते फार वेळा आठवलं. "पाटा वजन झेलतोय, माधव. खड्डा आला की दबतोय आन् उसळी मारतोय. परत दबतोय, परत उसळतोय. शॉकप त्याला आवरतोय, बास कर म्हणतोय. आपल्या रस्त्यानं गाडी मोकळीच जास्त पळणार. नरम पाटे घे, आन् शॉकप नवे घे. माणसं बसणार हायत मागं."

मी जाड पाटे घेतले.

मूग निघाला की पहिल्या आठवड्यात तो गंगाखेडच्या मोंढ्यात पोचवायचा, सगळ्या गावाच्या आधी, सहा-सहा पोती एका खेपेला, हे माझ्या डोक्यात होतं. पण खरं कारण आणखी एक होतं. जाड पाट्यांवर जीप मागून उंच दिसत होती. मस्तीला आलेल्या वळूसारखी. शॉकप मी बदललेच नाहीत. जुन्यांतून तेल गळत होतं, तरी राहू दिले.

"निदान शॉकप तरी," दादाराव म्हणाला. "न्हाईतर मोकळी गाडी उड्या मारील."

"मोकळी पळवायचीय कुणाला?"

तो बाही वर करून खड्ड्यात उतरला आणि दुपारभर राबून ते पाटे त्यानंच बसवले. नटांना ग्रीस लावलं, यू-बोल्ट आवळले, प्रत्येक नट दोनदा ताणून बघितला. न पटलेलं कामही तो मनापासून करायचा.

परत येताना त्याची बायको शेवंता आमच्यासोबत होती. तिला पाचवा महिना होता, परभणीच्या सरकारी दवाखान्यात दाखवायला ती आदल्या दिवशी बहिणीकडे आली होती. मागच्या बाकावर ती बसली आणि मी गाडी सोडली. डांबरी होती तोवर ठीक होतं. गंगाखेड सोडून आमच्या रस्त्याला लागलो तशी जीप दगडावरून दगडावर आदळायला लागली. शेवंतानं दोन्ही हातांनी वरची कांब धरली होती. दादाराव दोनदा म्हणाला, "हळू." मी हसत होतो. गावात उतरल्यावर ती पदर सावरत म्हणाली, "दादा, तुमच्या गाडीपरीस बैलगाडी बरी की हो!" आणि तीही हसली. तिचं ते मोकळं हसणं मी नंतर पुन्हा कधी ऐकलं नाही. तिनं हसणं सोडलं असेल असं मी म्हणत नाही. मला ते ऐकायला मिळायचं राहिलं नाही, एवढंच.

मग पाऊस लागला, पेरण्या झाल्या, मूग उगवून आला. कोळपणी झाली, दुसरी झाली. पिवळी फुलं आली. त्याच सुमारास औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं आणि मराठवाडा पेटला. एसटी बंद झाल्या. लांबवर कुठं कुठं धूर दिसायचा. कुठल्या गावचा ते कुणी मोठ्यानं बोलत नसे, पण कुणाची घरं असतील ते सगळ्यांना कळायचं.

आमच्या गावात आग लागली नाही. हे वाक्य मी पुढं पंधरा वर्षं म्हणत होतो. लग्नाकार्यात, परभणीच्या पाव्हण्यांत, कुठं विषय निघाला की म्हणायचो, आमच्या गावात काही झालं नाही बरं. आणि ऐकणारे माना डोलवायचे.

काय झालं ते सांगतो. एका सकाळी देवळापुढच्या पारावर गाव जमलं. बौद्धवाड्याला काम द्यायचं नाही, दाणा द्यायचा नाही, गाडी-बैल द्यायचे नाहीत, असं ठरलं. पाच-सात जण बोलले. बाकीचे बसून होते. शेवटी कुणीतरी विचारलं, "कुणाचं काही म्हणणं हाय का?" कुणाचं नव्हतं. मी पाराच्या कडेला बसलो होतो, पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढत. माझंही काही म्हणणं नव्हतं. घरी येताना अण्णा एवढंच म्हणाले, "आपल्याला गावात राहायचंय." अण्णा वाईट माणूस नव्हते. हे वाक्यही मी फार वेळा म्हटलं आहे.

मूग तोडणीला आला. दरवर्षी आमच्याकडे तोडणीला बौद्धवाड्यातल्याच बाया येत. पहाटेच ओळीनं शेतात शिरत, ओटीत शेंगा टाकत, गाणी म्हणत, एकमेकींची थट्टा करत. संध्याकाळपर्यंत त्यांची बोटं काळी होत. त्या वर्षी शेत गप्प होतं. घरचीच माणसं तोडत होती आणि तोडणं उरकत नव्हतं. दुपार झाली की चहूबाजूनं शेंगा तडकत. गावातला प्रत्येक जण ते ऐकत होता आणि कुणी काही बोलत नव्हता.

त्या सकाळी अण्णा ओसरीवर आरसा टेकवून दाढी करत होते. मी चहा पीत होतो. ऊन नुकतं अंगणात उतरलं होतं. दादाराव फाटकातून आत आला. पारावरचं ठरल्यापासून तो पहिल्यांदाच आमच्या दारात आला होता. चेहरा ओढलेला, पायात चप्पल नाही.

"माधवराव, जीप काढा. शेवंताला तरास व्हायलाय. पहाटेपासून पोटात कळा येयलेत, रक्त जायलंय. सुईण म्हणली, माझ्या हातचं न्हाई, गंगाखेडला न्या."

अण्णांचा वस्तरा गालावर थांबला. ते वळले नाहीत. आरशातून माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हणालो, "पाटे लय कडक हायत रे. मोकळ्या गाडीत तिला सोसायचं न्हाई."

मला वाटलं, यावर तो गप्प होईल. पाट्यांबद्दल तोच तर म्हणाला होता. पण त्यानं रस्त्यानं येता येता सगळा विचार करून ठेवला होता.

"मागं चार पोती वाळू टाकू," तो म्हणाला. "ओढ्यातली भरून ठेवलीत मी. वजन बसलं की पाटा नरम होतोय. वाळूवर कडबा, त्यावर गोधड्या. चाकातली हवा जरा कमी करतो. तुमी नुसतं हळू चालवा. न्हाईतर मला द्या, मी चालवतो, तुमी येऊ पण नका."

घरात बायको कळा देतेय आणि हा माणूस वाळू भरत होता. माझ्या निवडीचा दोष माझ्या तोंडावर न फेकता, त्या दोषावर इलाज काढून माझ्या दारात उभा होता. आज हे मला दिसतं. त्या क्षणी मला फक्त आरसा दिसत होता आणि आरशातले डोळे.

"मागचा पाटा मोडलाय," मी म्हणालो.

"कधी?"

"काल. ओढ्यात."

"कोणता?"

"डावा. वरचा, मेन पाटा."

माझी उत्तरं किती पटपट आली! एकदाही जीभ अडखळली नाही.

दादारावनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. "मी बघतो," तो म्हणाला. "पान्हे घेऊन येतो. लाकडाचा ठोकळा घालून तारेनं बांधला तर गंगाखेडपर्यंत जातीय गाडी." आणि तो जवळजवळ पळतच गेला.

अण्णांनी दाढी पुरी केली. तोंड धुतलं. पंच्यानं पुसता पुसता ते म्हणाले, "तो आल्यावर बघील की."

बास, एवढंच. काय कर, हे त्यांनी सांगितलं नाही. मीच उठलो. गोठ्याच्या मागं जीप उभी होती. जॅक लावला, चेसीखाली दगड रचले, पान्हा घेतला आणि डाव्या बाजूचा पाटा काढायला लागलो, म्हणजे गाडी हलायचीच नाही. नट गंजलेले असते, अडकले असते, तर कदाचित मी मध्येच थांबलो असतो, असं मी कधीकधी मनाशी म्हणतो. पण ते दादारावनं ग्रीस लावून बसवलेले नट होते. लोण्यासारखे फिरले. एकट्यानं तो जड पाटा ओढून बाहेर काढला, जमिनीवर ठेवला आणि वरून गोणपाट टाकलं. घामानं निथळत होतो. पाऊण तास लागला असेल. आमच्या गावाहून जीपनं गंगाखेडला जायलाही तेवढाच वेळ लागायचा.

मधल्या वेळात दादाराव बैलगाडीसाठी गावात तीन घरं फिरून आला होता, हे मला मागाहून कळलं. तिन्ही घरी बैलांना काही ना काही झालं होतं.

तो पान्हे, तार आणि बाभळीचा ठोकळा घेऊन आला. दगडांवर चढवलेली जीप त्यानं बघितली. मग खाली बसून गोणपाट उचललं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. अण्णा गोठ्याच्या दारात येऊन थांबले होते. दादारावनं पाट्याच्या एका टोकाच्या कडीपासून दुसऱ्या टोकाच्या कडीपर्यंत अंगठा फिरवला, सावकाश, जसा तो झाडाखाली पातळ पात्यांवरून फिरवत होता. कुठं चीर नव्हती. कुठं खरचटलेलंसुद्धा नव्हतं. 

त्यानं गोणपाट परत पाट्यावर टाकलं. उठला. आधी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हां. मोडलाय," तो म्हणाला.

आणि हत्यारं उचलून गेला.

ऊन वर चढलं तेव्हा मी शेतात मूग तोडत होतो. अण्णा घरी, आई आणि चुलती खालच्या अंगाला. वरच्या तुकड्यात मी एकटाच. आमच्या त्या शेताच्या बांधावरूनच गंगाखेडची वाट जाते. आवाज आला म्हणून मान वर केली. चार माणसं खांद्यावर बाज घेऊन येत होती. पुढं दादाराव आणि त्याचा चुलता, मागं दोघं. बाजेवर गोधडी, गोधडीखाली शेवंता. काळ्या चिखलात त्यांचे पाय घोट्यापर्यंत रुतत होते, एक पाय काढला की दुसरा रुतायचा, आणि प्रत्येक पावलाला बाज एका अंगाला कलायची. बाजूनं तिची सासू चालत होती, बाजेच्या कडेला हात लावून.

धावत जावं, एक खांदा द्यावा. एवढं तर जीपशिवायही करता आलं असतं. त्याला ना पाटा लागतो ना शॉकप. पण ते जवळ आले तसं माझ्या मनात दुसरं काही आलं नाही. एकच आलं, आपण दिसता कामा नये. मूग गुडघ्याएवढा असतो. त्यात बसून माणूस लपत नाही. लपायचं तर आडवं व्हावं लागतं. मी आडवा झालो. गाल ओल्या मातीला लावून पडून राहिलो. ते बांधावरून गेले. दादाराव तिला काहीतरी सांगत होता, "आलं बघ, ओढा आला, त्या पलीकडं वाट चांगली हाय," असं काहीसं. तिचा आवाज आला नाही. पावलं दूर गेल्यावरही मी बराच वेळ उठलो नाही. डोक्याशेजारी शेंगा तडकत होत्या.

बाळ गेलेलं होतं. शेवंता वाचली. पंधरा दिवस ती गंगाखेडच्या दवाखान्यात होती. बाळ कधी गेलं, घरी, वाटेत की तिथं पोचल्यावर, आणि लवकर पोचली असती तर काही झालं असतं का, हे मला कुणी सांगितलं नाही. विचारायचं तर कुणाला विचारणार? "पोचली असती तरी कदाचित" या शब्दांवर मी पुष्कळ वर्षं टेकून उभा होतो. पण त्या सकाळी दादाराव माझ्याकडे बाळाची हमी मागायला आला नव्हता. जीप मागायला आला होता.

शेवंता गावात परत आलीच नाही. दादाराव एकदा येऊन आईला आणि चार भांडी घेऊन गेला. पाथरीला शेवंताचं माहेर होतं, तिकडं ती राहिली असं कळलं.

तिसऱ्या दिवशी मी पाटा परत बसवला. त्याच्यासारखा मला बसवता आला नाही, पण बसला. आठवड्यानं सहा पोती मूग लादून मोंढ्यात गेलो. पाट्यांनी वजन झकास झेललं, गाडी जराही मागं बसली नाही. मोंढ्यात एक जण गाडीमागं वाकून बघत म्हणाला, "पाटे झ्याक निघाले की हो!" मी हसलो. त्या हसण्याची मला बाजेकडे बघून लपल्याइतकीच लाज वाटते. कदाचित जास्तच. लपलो तेव्हा भीती तरी होती.

त्यानंतर लाज एका जागी कधी बसली नाही. वर्षभर दिसायची नाही, आणि मग मुगाला फूल आलं की हळूहळू वर यायची. बायकोला पहिला महिना लागला तेव्हा आली. सतीशच्या वेळी तिला जीपनंच गंगाखेडला नेलं, मागं वाळूची पोती टाकून, वर कडबा आणि गोधड्या घालून, चाकातली हवा कमी करून. ती म्हणाली, "तुमाला बरं सुचलं हे." मी गाडी चालवत राहिलो. दुसऱ्याच्या बायकोसाठी कुणीतरी काढलेली युक्ती मी माझ्या बायकोसाठी वापरली आणि ती कुणाची हे सांगायचं धैर्यही मला झालं नाही.

आणि मी एका गोष्टीच्या आधारानं जगत होतो, तीही सांगायला हवी. दादाराव "मोडलाय" म्हणाला होता. त्यानं पाटा बघितला, खोटं ओळखलं, आणि तरी अण्णांच्या समोर मला उघडं पाडलं नाही. म्हणजे त्यानं मला समजून घेतलं. जुन्या मित्राची अडचण त्याला कळली. त्याच्या मनात माझ्यासाठी अजून जागा होती. अंथरुणावर पडलो की मी हे स्वतःला सांगायचो, आणि मला झोप लागायची.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी मी पाथरीला गेलो. अण्णा तोवर गेले होते. जीप कधीच विकली होती. एसटीनं गेलो. पाथरीच्या स्टँडबाहेर खासगी जीपांची रांग उभी होती. एका ड्रायव्हरला विचारलं, तर म्हणाला, "दादाराव मिस्त्री? पाट्यांचे? ह्या सरळ रस्त्यानं जावा."

पत्र्याचं मोठं शेड होतं. भिंतीला टेकवून पाट्यांच्या चवडी लावलेल्या, जाड वेगळ्या, पातळ वेगळ्या, खुंट्यांना शॉकप टांगलेले. दादाराव चष्मा लावून एका पाट्याच्या कडीत बुश ठोकत होता. केस पिकले होते. त्यानं मला लगेच ओळखलं. हातोडा बाजूला ठेवला.

"बसा," तो म्हणाला. बाक पुसून दिलं. चहा मागवला. त्यानं माझ्या मुलाबाळांचं विचारलं, मी त्याच्या. एक मुलगी होती, बारावीला. 

मी सगळी वाट मनात शब्द जुळवत आलो होतो. ते एकही आठवेना. म्हणालो, "दादाराव, त्यो पाटा मोडलेला नव्हता."

"माहीत हाय की. मी बघितला होता."

"तरी तू मोडलाय म्हणलास. अण्णासमोर मला सांभाळून घेतलंस. मी ते कधी इसरलो न्हाई."

त्यानं चष्मा काढला. मला वाटलं, तो चिडेल. मला ते हवंही होतं. पण तो मला नीट समजावून सांगायला लागला. एखाद्या गिऱ्हाइकाला गाडीत काय बिघडलंय ते सांगावं तसा.

"तुमाला सांभाळून घेतलं न्हाई, माधवराव. चांगला हाय म्हणलो असतो तर काय झालं असतं? तुमचे अण्णा बोलले असते. तुमी बोलले असते. चार माणसं जमा झाली असती. त्या दिवसांत तर काय बी झालं असतं. त्यात अर्धा घंटा गेला असता, आन् गाडी तर मिळणारच नव्हती, ती तुमी खोलून ठेवली होती. मला शेवंताला न्यायचं होतं. मोडलाय म्हणलं की तिथून निघता येत होतं, म्हणून म्हणलो. तुमचा इचार करायला मला येळ नव्हता."

सोळा वर्षं मी ज्याला आधार म्हणत होतो तो त्यानं असा काढून घेतला, आवाज न चढवता. मी हातातल्या कपाकडे बघत राहिलो. चहा निवला होता. "माझं चुकलं," मी म्हणालो. हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा किती लहान वाटले! त्यानं मान हलवली. त्या मानेत हो होतं का नाही, मला कळलं नाही.

आतल्या खोलीतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. मी तिकडं बघितलं. दादारावनंही बघितलं.

"शेवंता हाय," तो म्हणाला. "पण भेटून जावा असं मी म्हणणार न्हाई. ती तुमचं नाव बी काढत न्हाई."

एक जीपवाला आला. मागून खडखड आवाज येतोय म्हणाला. दादारावनं त्याला विचारलं, "मागं किती माणसं बसवतोस?" तो म्हणाला, दहा. "दहा माणसांच्या हाडाचं काय व्हायलंय बघितलंस का कधी?" असं म्हणत दादाराव उठला आणि गाडीखाली शिरला. जीपवाला उभाच होता, लांबून आलेला, दमलेला दिसत होता. बाक एकच होतं.

मी उठलो आणि त्याला बसायला जागा करून दिली.